उपकार किती दिवस फेडायचे?

मला गिरणीत आमच्याच वस्तीतल्या एका माणसानं लावलं. वडील अंथरुणाला खिळलेले, मी बारावी नापास, घरात खाणारी तोंडं पाच. त्यानं जॉबरकडं शब्द टाकला आणि मी बदलीवर चिकटलो. हे मी विसरलो नाही. विसरणारही नाही. पण त्या दिवसापासून तो माणूस दर निवडणुकीला, दर वर्गणीला, दर मीटिंगला एकच वाक्य ऐकवतो, "तुला कोणी चिकटवलं, ध्यानात हाय ना?" एकदा माझा दोन पाळ्यांचा ओव्हरटाइम पगारात लागला नाही. मी भांडायला उभा राहिलो. मला गप्प करायला सायेब आला नाही, जॉबर आला नाही. हाच माणूस आला. म्हणाला, "माझा शब्द राख." मी शब्द राखला. पैसे गेले ते गेले. पण त्या रात्री डोक्याला जो भुंगा लागला तो अजून सुटला नाही. उपकार फिटतो कधी? त्याला काही मुदत असते का? आणि ज्यानं आपल्याला वर काढलं त्यानंच आपली मान दाबली तर आपण काय करायचं?

हा प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर मी तो इथं लिहिला नसता. २०२४ साली हाच प्रश्न आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला देशच्या देश विचारत होते. कोणी मतपेटीत विचारला, कोणी रस्त्यावर. एका ठिकाणी तो जमिनीखाली दोन किलोमीटरवर उपाशी पडलेल्या माणसांनी विचारला. मी आफ्रिका पाहिलेली नाही. मुंबईच्या पलीकडं मी गेलेलो नाही. पण रातपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, कापसाचा भुगा झटकून, मोबाइलवर मिळेल ते वाचत गेलो आणि एका वहीत तारखा लिहीत गेलो. वर्ष संपलं तेव्हा वही भरली होती. त्या वहीतून हे लिहितोय. माझं चुकत असेल तर दोस्तहो, मला भेटून सांगा, भांडा. पण वाचा.

आधी हे ध्यानात घ्या की त्या मुलखात सत्तेवर बसलेले पक्ष साधेसुधे पक्ष नाहीत. मोझांबिकमध्ये फ्रेलिमोनं १९६४ पासून पोर्तुगीजांशी बंदुकीनं लढाई केली आणि १९७५ साली देश सोडवला. झिम्बाब्वेत झानू-पीएफ १९८० साली गोऱ्यांची राजवट मोडून आली. नामिबियात स्वापो लढली, १९९० साली देश स्वतंत्र झाला. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, म्हणजे एएनसी. तिची माणसं फासावर गेली, मंडेला २७ वर्षं तुरुंगात राहिले, आणि १९९४ साली काळ्या माणसानं पहिल्यांदा मत दिलं. शार्पव्हिलला १९६० साली पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या ६९ जणांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. सोवेटोत १९७६ साली शाळेची पोरं मेली. तिथं माणसाला आपल्याच देशात फिरायला पास लागायचा. बाकडं वेगळं, नळ वेगळा, दवाखाना वेगळा, स्मशान वेगळं. हे काय असतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणजे हे पक्ष त्या लोकांचे खरोखरीचे उपकारकर्ते होते. खोटं नाही. तेव्हा माझ्या वस्तीतल्या माणसाचं वाक्य जर कोणाच्या तोंडी शोभत असेल, तर त्यांच्याच. तुम्हाला कोणी सोडवलं, ध्यानात आहे ना?

आता २०२४.

२९ मे २०२४ ला दक्षिण आफ्रिकेत मतदान झालं. स्वातंत्र्याला बरोबर ३० वर्षं झाली होती. ३० वर्षांत एएनसीनं कधी बहुमत गमावलं नव्हतं. २०१९ ला तिला साडेसत्तावन टक्के मतं होती. या वेळी मिळाली ४०.१८ टक्के. ४०० पैकी १५९ जागा. तोंडावर आपटली. का? सरकारी आकड्यानंच दर तीन माणसांमागं एक बेकार. तरुण पोरांत तर जवळजवळ अर्धी बेकार. दिवसाचे तासनतास वीज नाही असं वर्षानुवर्षं चाललेलं. आणि झुमा यांच्या राजवटीत सरकारी तिजोरी दोस्तांना मोकळी करून दिली, त्याची न्यायालयीन चौकशी चार वर्षं चालली आणि तिचे खंडच्या खंड निघाले.

पण उलटी बाजूही लिहितो, नाहीतर लिहिण्यात इमान राहणार नाही. त्याच एएनसीनं लाखो घरं बांधली, झोपड्यांत वीज नेली, नळ नेले, म्हाताऱ्यांना आणि पोरांना दरमहा अनुदान सुरू केलं. कोट्यवधी घरांत चूल त्यावर पेटते. म्हणून एखादी म्हातारी म्हणाली असेल की मी मरेपर्यंत ह्याच चिन्हावर शिक्का मारीन, तर मी तिला हसणार नाही. तिनं पास खिशात घेऊन उमर काढली. तिला काय मिळालं ते तिला ठाऊक आहे. पण तिचा नातू १९९४ नंतर जन्मला. त्याला तिथं 'जन्मतःच मुक्त' म्हणतात. त्यानं पास पाहिला नाही. त्यानं बेकारी पाहिली. त्या पोराला आजीच्या कर्जावर व्याज भरायला सांगायचं का, हा खरा सवाल होता.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. सगळ्यात मोठा निकाल मतपेटीत नव्हताच. नोंदलेल्या मतदारांपैकी दहातले चार जण मतदानाला फिरकलेच नाहीत. ज्या मतासाठी माणसं मेली ते मत त्यांनी घरात ठेवलं. त्यांना कृतघ्न म्हणणं सोपं आहे. मला वाटतं ती थकलेली माणसं होती. उपकारकर्त्याला सोडवत नाही आणि धरवतही नाही, तेव्हा माणूस घरात बसतो. आपल्या वस्तीत अशी माणसं किती आहेत ते मोजा.

इथं आमचा एक जुना कार्यकर्ता मला अडवतो. तो म्हणतो, "अरे, आपला माणूस कसाही असला तरी आपला. तू त्याला पाडलंस की दुसरा कोण येतो? पूर्वीचाच मालक येतो." हा आक्षेप हलका नाही. दक्षिण आफ्रिकेत झालंही तसंच काहीसं. एएनसीला बहुमत नाही म्हटल्यावर तिनं डेमोक्रॅटिक अलायन्सला बरोबर घेतलं. त्या पक्षाचा मोठा मतदार आजही गोरा आहे. १४ जून २०२४ ला त्यांच्या मतांवर सायरिल रामाफोसा पुन्हा राष्ट्राध्यक्ष निवडून आले. म्हणजे काळ्या गरिबानं रागानं हात सोडला आणि खुर्चीशेजारी खुर्ची मिळाली ती त्यांना, ज्यांच्याकडं आधीच जमीन, कारखाना, पैसा होता. हे मी लपवणार नाही.

दुसरीकडं काय झालं बघा. ज्या झुमांच्या काळात लूट झाली तेच झुमा नवा पक्ष काढून उभे राहिले. पक्षाचं नाव ठेवलं उम्खोन्तो वे सिझ्वे, म्हणजे राष्ट्राचा भाला. हे नाव एएनसीच्या १९६१ च्या सशस्त्र दलाचं. एएनसी कोर्टात गेली, हे नाव आमचं आहे, हे चिन्ह आमचं आहे. कोर्टात ती हरली. पहिल्याच निवडणुकीत झुमांच्या पक्षाला साडेचौदा टक्के मतं पडली. एके काळी हेच झुमा सभांमधून सांगायचे की येशू परत येईपर्यंत एएनसीच राज्य करील. येशू आला नाही. झुमाच बाहेर पडले. हुतात्म्यांच्या नावाचा सातबारा कोणाच्या नावावर, यावर दोन वारस कोर्टात भांडतात आणि ज्यांचं रक्त सांडलं त्यांची नातवंडं बेकार फिरतात. आपल्याकडं पक्षांचे किती तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्यानं कोणाचा फोटो लावला, हे मी सांगायची गरज नाही.

तर मग जुन्या कार्यकर्त्याला उत्तर काय? मी त्याला म्हणतो, मालक परत आला तो आम्ही हात सोडला म्हणून आला नाही. हात सोडावा लागेल अशी पाळी उपकारकर्त्यानं आणली म्हणून आला. "दुसरा वाईट आहे" ह्या भीतीवर जो आपलं मत ३० वर्षं बांधून ठेवतो, तो दुसरा चांगला पर्याय कधी उगवूच देत नाही. आपल्या पोरांना स्वतःचं पाऊल टाकायला शिकवत नाही. आणि मग एक दिवस म्हणतो, बघा, माझ्याशिवाय कोण आहे?

त्याच वर्षी शेजारच्या देशात वेगळं घडलं. बोत्स्वानात १९६६ च्या स्वातंत्र्यापासून एकच पक्ष राज्यावर होता. ५८ वर्षं. त्यांनी हिरे काढले, रस्ते केले, शाळा केल्या. गरीब देश वर आणला असं सगळं जग सांगायचं. पण हिऱ्यांचा बाजार बसला, पोरं बेकार झाली. ३० ऑक्टोबर २०२४ ला मतदान झालं आणि ६१ निवडून द्यायच्या जागांत त्या पक्षाला फक्त ४ मिळाल्या. चार! आणि राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी काय केलं? मोजणी पुरती संपायच्या आत १ नोव्हेंबरला हार कबूल केली. डुमा बोको नावाचा मानवी हक्कांचा वकील त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष झाला. गोळी नाही, दगड नाही.

ह्या बातमीच्या मागं आणखी एक बातमी होती. माझ्या वहीत ती लाल शाईनं लिहिलेली आहे. बोत्स्वानाच्या कलहारी वाळवंटात सान लोक राहतात. त्या भूमीवरचे सगळ्यात जुने रहिवासी, आणि त्या समाजात सगळ्यात खालचे. अभयारण्याच्या नावाखाली त्यांना त्यांच्या जमिनीवरून हुसकलं होतं. त्यांच्यातला एक म्हातारा २०२१ साली मेला. घरच्यांनी म्हटलं, बापाला त्याच्या वाडवडलांच्या भूमीत पुरायचं आहे. सरकार म्हणालं, नाही. वरच्या कोर्टानंही घरच्यांच्या विरुद्ध निकाल दिला. मढं जवळजवळ तीन वर्षं शवागारात पडून राहिलं. बोकोंचं सरकार आलं, परवानगी मिळाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याला त्याच्या मातीत पुरलं. मढं अडवणं म्हणजे काय ते ज्यांना गावच्या स्मशानात सरण रचू दिलं जात नाही त्यांना विचारा. ५८ वर्षांचा हिऱ्यांचा उपकार एका पारड्यात आणि हे मढं दुसऱ्या पारड्यात. सरकार बदलल्यानं सगळं बदलतं असं नाही. पण हे बदललं. तेवढ्यासाठीसुद्धा मत मोकळं असायला पाहिजे.

मोझांबिकमध्ये फ्रेलिमोनं असं मोकळं केलं नाही. ९ ऑक्टोबर २०२४ ला मतदान झालं. निकाल लागायच्या आधीच, १९ ऑक्टोबरला राजधानी मापुतोत विरोधी उमेदवार वेनान्सियो मोंडलाने यांचे वकील एल्विनो दियास आणि विरोधी पक्षाचे पाउलो ग्वाम्बे यांना रात्री मोटारीत गोळ्या घालून ठार केलं. पाच दिवसांनी आयोगानं जाहीर केलं की फ्रेलिमोचे दानियल शापो यांना ७० टक्क्यांवर मतं. लोक रस्त्यावर आले. रात्री नऊ वाजता घराघरांतून बायका-पोरं भांडी वाजवायची. पातेलं रिकामं आहे, म्हणून त्याचाच आवाज. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गोळ्या घातल्या. २३ डिसेंबरला घटना परिषदेनं निकाल कायम केला, फक्त ७० चे ६५ टक्के केले. आग आणखी भडकली. तिथल्या नागरी संघटनांनी मोजलेले मेलेले ३०० च्या वर. त्यात पोरंसोरंही.

दोस्तहो, इथं मला माझा सवाल एकदम उघडा दिसला. फ्रेलिमो म्हणजे एके काळी त्या लोकांचा प्राण होता. ज्या बंदुकीनं पोर्तुगीज हाकलला तीच बंदूक पन्नास वर्षांनी भांडं वाजवणाऱ्या पोरावर रोखली. उपकार जेव्हा वसूल करावा लागतो, तेव्हा तो उपकार राहत नाही. ते सावकाराचं कर्ज होतं. सावकार काय करतो? बापानं घेतलेले शंभर रुपये लेकाकडून, नातवाकडून वसूल करतो. मुद्दल कधीच फिटलेलं असतं, तरी वहीत व्याज चालूच. मोझांबिकच्या लोकांपैकी बहुतेक जण १९७५ नंतर जन्मलेले. गंमत बघा, खुद्द शापोसुद्धा १९७७ चे. त्यांनी स्वतः पोर्तुगीजांवर एक गोळी झाडलेली नाही. तरी लढ्याचा वारसा त्यांच्या खुर्चीला आणि लढ्याचं ऋण मात्र रस्त्यावरच्या पोराच्या डोक्यावर. हा हिशेब कोणत्या नीतीत बसतो?

झिम्बाब्वेची एकच गोष्ट सांगतो. २०२४ च्या शेवटच्या दिवशी तिथं फाशीची शिक्षा रद्द झाली. सही करणारे राष्ट्राध्यक्ष म्नांगाग्वा यांना स्वतःला गोऱ्यांच्या राजवटीत रेल्वेगाडी उडवल्याबद्दल फाशी सुनावली गेली होती. स्वतःच्या गळ्याला लागलेला दोर ते विसरले नाहीत. हे चांगलंच झालं. पण त्याच वर्षी जून महिन्यात विरोधी पक्षाचे सत्तरहून जास्त कार्यकर्ते एका घरात जमले म्हणून उचलले आणि महिनोन्‌महिने आत ठेवले. आपल्याला झालेला त्रास आठवतो आणि आपण देतो तो दिसत नाही. हा रोग फक्त राष्ट्राध्यक्षांना होतो असं समजू नका. संघटनेच्या तालुका अध्यक्षालाही होतो.

हिंदी महासागरातल्या मॉरिशसमध्ये आपल्या कोकणातून उसाच्या मळ्यावर गेलेल्यांचे मराठी वंशजही मत देतात. तिथं १० नोव्हेंबर २०२४ ला सरकार पडलं. पुढाऱ्यांची, पत्रकारांची फोनवरची बोलणी चोरून ऐकली जात होती असं बाहेर आलं. सरकारनं निवडणुकीच्या तोंडावर सोशल मीडियाच बंद केला. इतकी बोंब झाली की दुसऱ्याच दिवशी चालू करावा लागला. मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा विरोधकांनी घेतल्या. पण गेले ते प्रविंद जगन्नाथ, माजी पंतप्रधानांचे चिरंजीव. आणि आले ते नवीन रामगुलाम, देशाच्या पहिल्या पंतप्रधानांचे चिरंजीव. म्हणजे लोकांनी मालक बदलला, पण वारसाहक्काची चौकट तशीच राहिली. नुसतं पाडणं म्हणजे मुक्ती नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि मी "पाडा, पाडा" असंही म्हणत नाही. नामिबियात लोकांनी स्वापोलाच परत निवडलं. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष गाइंगोब वारले होते. पाऊस नव्हता, दुष्काळ इतका की सरकारनं लोकांना मांस वाटायला ७०० च्या वर रानटी जनावरं मारायचं ठरवलं. २७ नोव्हेंबरला मतदान झालं. मतपत्रिका संपल्या, लोक तासन्‌तास उन्हात रांगेत उभे राहिले, काही ठिकाणी मतदान ३० तारखेपर्यंत वाढवलं. विरोधक कोर्टात गेले, तिथं ते हरले. नेटुम्बो नान्दी-नदाइत्वा ह्या लढ्यातल्या बाई जिंकल्या आणि २१ मार्च २०२५ ला देशाच्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष झाल्या. पण स्वापोचं बहुमत घसरत घसरत ९६ पैकी ५१ जागांवर आलं. लोकांनी जणू सांगितलं, तुम्हाला ठेवतो, पण काठावर ठेवतो. कृतज्ञता अशी असावी असं मला वाटतं. हातची. द्यावीशी वाटली तर द्यायची, किती द्यायची ते आपण ठरवायचं, आणि पुढच्या वेळी पुन्हा हिशेब घालायचा.

आता ती खाण. इथं माझा हात लिहिताना जड होतो.

दक्षिण आफ्रिकेत स्टिलफॉन्टेन गावाजवळ सोन्याची एक बंद पडलेली खाण आहे. कंपन्या सोनं काढून निघून गेल्या. मागं राहिलेलं उकरायला भुकेली माणसं आत उतरतात. महिनोन्‌महिने आतच राहतात. त्यांना तिथं 'झामा झामा' म्हणतात. नशीब आजमावणारे. बरेचसे मोझांबिक, झिम्बाब्वे, लेसोथोचे. कागदपत्रं नसलेले. त्यांच्यावर गुंडांच्या टोळ्यांचा ताबा, हेही खरं. ऑगस्ट २०२४ पासून पोलिसांनी खाणीची तोंडं धरली. मोहिमेच्या नावाचा अर्थच होता 'भोक बंद करा'. अन्न-पाणी खाली जाऊ द्यायचं नाही, म्हणजे वर येतील. शेकडो आले आणि पकडले गेले. शेकडो येऊ शकले नाहीत. एक मंत्री म्हणाल्या की गुन्हेगारांना आम्ही मदत पाठवत नसतो, धूर करून बाहेर काढू. गावातली माणसं दोर सोडून हातानं एकेकाला ओढत होती. लोकांनी कोर्टात दाद मागितली, तेव्हा कुठं जानेवारी २०२५ मध्ये पिंजरा खाली सोडला. त्या शेवटच्या फेऱ्यांत २४६ जिवंत आणि ७८ मढी वर आली. एकूण मेले ८७.

त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष कोण? रामाफोसा. १९८२ साली काळ्या खाण कामगारांची युनियन उभी राहिली, तिचे पहिले सरचिटणीस. खाणीतल्या माणसाचं दुखणं त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? २०१२ साली मारिकानाला पगारवाढ मागणाऱ्या संपातल्या ३४ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा ते त्याच खाण कंपनीच्या संचालक मंडळावर होते. चौकशी आयोगानं त्यांना दोषी धरलं नाही, हेही नोंदवतो. मी माणसावर खटला चालवत नाही. मी एवढंच बघतो की खालून वर गेलेला माणूस वर बसला की त्याला खाली कोण आहे ते दिसेनासं होतं.

आणि नुसता राष्ट्राध्यक्षच नाही. बरेच साधे लोकही म्हणत होते, बरं झालं, परक्यांना मरू द्या. ज्या मोझांबिकनं, झिम्बाब्वेनं वर्णद्वेषाच्या काळात एएनसीच्या माणसांना आसरा दिला आणि त्यापायी बाँब सोसले, तिथलीच ही पोरं. ह्या उपकाराचं काय झालं? हा उपकार कोणी सभेत आठवून दिला नाही. का? कारण तो मागायला खाली पडलेल्या माणसाकडं ना पक्ष होता, ना खुर्ची.

इथं मला उत्तर सापडलं. निदान माझ्यापुरतं. उपकाराचं ऋण खरं असतं. ते नाकारणारा माणूस हलका. पण ते ऋण ज्यानं दिलं त्याच्या खुर्चीला फेडायचं नसतं. मेलेला हुतात्मा मत मागायला येत नाही. त्याच्या नावानं मागणारा दुसराच असतो. सोवेटोचं पोर मेलं ते एएनसीला साठ टक्के मिळावेत म्हणून नाही. पुढच्या पोराला ताठ उभं राहता यावं म्हणून. मग ते ऋण फिटायचं कसं? आपल्या खाली जो अजून पडलाय त्याला दोर टाकून. स्टिलफॉन्टेनला हातानं दोर ओढणारी माणसं ऋण फेडत होती. धूर करू म्हणणाऱ्या बाई फक्त पदावर होत्या.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या भाषणात हेच बजावलं होतं. देशाची सेवा केलेल्या थोर माणसांबद्दल कृतज्ञ राहायला हरकत नाही, पण कृतज्ञतेला हद्द असते, असं त्यांनी एका आयरिश देशभक्ताचा दाखला देऊन सांगितलं. राजकारणातली भक्ती माणसाला हुकूमशाहीकडं नेते म्हणाले. आपण त्यांचे फोटो लावतो. हे भाषण किती जणांनी वाचलंय? आणि बाबासाहेबांच्या नावानं जो उठतो आणि "आमच्यामुळं तुम्ही माणसात आलात" म्हणत आपली मतं गहाण टाकतो, त्याला हे भाषण आपण कधी वाचून दाखवणार?

त्याचबरोबर स्वतःलाही विचारू या. माझ्या खाली कोण आहे? आमच्या खात्यात बिहारची, ओडिशाची पोरं आलीत. बारा बारा तास उभी असतात, एका खोलीत आठ झोपतात. त्यांच्याबद्दल आपण चहाच्या टपरीवर काय बोलतो? आपल्यातल्याच ज्या जाती आपल्यापेक्षा मागं राहिल्या त्यांच्या वस्तीत आपण शेवटचं कधी गेलो? आपल्या घरातल्या बाईला "मी तुला शिकू दिलं" असं किती वेळा ऐकवलं? सत्ता मिळायच्या आधीच आपण छोटे छोटे उपकारकर्ते होऊन बसलोत काय?

परवा पुन्हा वर्गणी आली. तो माणूस म्हणाला, "तुला कोणी चिकटवलं, ध्यानात हाय ना?" मी म्हटलं, "काका, हाय. जन्मभर राहील. तुम्ही आजारी पडलात तर दवाखान्यात रात्र मी काढीन. पण माझा ओव्हरटाइम मी मागणार आणि माझं मत मी ठरवणार." तो काही बोलला नाही. पावतीपुस्तक मिटून गेला. मला वाईट वाटलं. अजून वाटतंय. पण दुसऱ्या दिवशी मी एका बदलीवरच्या नव्या पोराचा कार्डाचा घोळ जॉबरपुढं नेला आणि भांडून त्याची खाडाबोळ भरून घेतली. पोरगं म्हणालं, "तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, "मला नको. तुझ्यामागनं येईल त्याला फेड."

जय भीम.